आधी फॉर्म, मग पेढा

मंगळवारी सकाळी दुकानात सर्दी-खोकल्याच्या औषधांसाठी रांग लागलेली असताना आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. मी लंडनमध्ये ईलिंगला एका केमिस्टकडे काम करते, काउंटरवर असताना मोबाइल घेत नाही. पण तीनदा वाजला म्हणून मागच्या खोलीत जाऊन घेतला. "कुमुदताई गेल्या हो. झोपेतच," ते म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आत, त्याच श्वासात, "शोकसभा रविवारी घेऊ. तीन ते पाच हॉल मिळतोय. पाचनंतर कराटेचा क्लास आहे." अहो, ज्या बाईने पंधरा वर्षं दर शनिवारी त्या हॉलच्या कोपऱ्यात बसून आमच्या पोरांची आयुष्यं मार्गी लावली, ती कराटेच्या आधी उरकायची? पण मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. वेळेवर न बोलणं हा माझा जुना रोग आहे, आणि खरं सांगायचं तर हा लेख कुमुदताईंवर आहे तितकाच त्या रोगावर आहे.

रविवारी हॉल गच्च भरला. एरवी गणपतीच्या आरतीलाही अर्धा तास उशिरा येणारी मंडळी पावणेतीनला खुर्च्या धरून बसली होती. एक डॉक्टर उठले. "कुमुदताईंमुळे आपली मुलं कुठल्या कुठे पोचली," म्हणाले. हेच डॉक्टर! मुलाच्या मेडिकलच्या इंटरव्ह्यूची तयारी दोन महिने कुमुदताईंकडून करून घेतली, आणि कोणी विचारलं तर, "छे हो, त्याने अजून काही ठरवलंच नाहीये." ताकास तूर लागू दिली नाही. मग माजी अध्यक्ष उठले. "त्यांचा तो नोटीस बोर्ड म्हणजे मंडळाची शान होती!" शान? ज्यावर त्या स्कॉलरशिपच्या नोटिसा लावायच्या तो बोर्ड यांनीच उतरवायला लावला होता, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या फोटोंत वाईट दिसतो म्हणून. बोर्ड तेव्हापासून जिन्याखाली, खुर्च्यांच्या मागेच होता आणि कुमुदताई दर शनिवारी तो ओढून बाहेर काढायच्या, संध्याकाळी परत ठेवायच्या. त्यांचं वय तेव्हा पासष्ट. यांच्यापैकी एकाने हात लावला नाही... आणि आता शान!

तिघांनी त्यांना वात्सल्यमूर्ती म्हटलं. कसली वात्सल्यमूर्ती? बाई चांगली फटकळ होती. पर्सनल स्टेटमेंटचा कागद आवडला नाही की पोरांसमोर उलटा करून ठेवायची आणि म्हणायची, "हा कुणी लिहिलाय? तू की तुझ्या बाबांनी? बाबांना कुठे ॲडमिशन हवीय?" वात्सल्य काय! पण एक गोष्ट मात्र सगळ्यांनी आळीपाळीने सांगितली आणि ती खरी होती. स्कॉलरशिपचा फॉर्म आला की कुमुदताई तो पोस्टाने पाठवत नसत, कुणाबरोबर देत नसत. बसने, पावसात, गुडघे दुखत असताना स्वतः दारात येऊन मुलाच्या हातात ठेवायच्या. "केवढी ही तळमळ!" डॉक्टर म्हणाले, आणि बायकांनी डोळ्यांना पदर, रुमाल लावले. त्या स्वतः का यायच्या, कधीपासून यायला लागल्या, हे त्या हॉलमध्ये एकाच बाईला माहीत होतं. ती बाई दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर डोळे पुसत होती. ती बाई मी.

कुमुदताई मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन इकडे आल्या, यजमान हॉस्पिटलात एक्स-रे विभागात होते, ते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. तिकडची एम.ए.ची डिग्री इथे कुणी विचारली नाही म्हणून कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायब्ररीत असिस्टंट म्हणून लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. लायब्ररीच्या रेफरन्स विभागात एक जाडजूड डिरेक्टरी असायची, स्कॉलरशिप देणाऱ्या देशभरच्या लहानमोठ्या ट्रस्टांची. कुणा मेलेल्या व्यापाऱ्याने ठेवलेला, कुणा म्हातारीने आपल्या गावच्या मुलींसाठी ठेवलेला... त्यातले निम्मे ट्रस्ट अर्जच येत नाहीत म्हणून पडून असतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि बाई पेटली. जेवणाच्या सुट्टीत ती डिरेक्टरी उतरवून काढायची. एकेका ट्रस्टचं एकेक कार्ड. ती कार्डं साउथॉलच्या दुकानातल्या मिठाईच्या रिकाम्या बॉक्समध्ये, महिन्यावार. जानेवारीचा बॉक्स, फेब्रुवारीचा बॉक्स. कार्डांना कायम तुपाचा वास यायचा. दोन हजार सालानंतर सगळं इंटरनेटवर यायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "ताई, आता कशाला हा व्याप?" तर म्हणाल्या, "नेटवर सापडतं गं, पण काय शोधायचं हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच."

हा राग त्यांना कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. बी.ए.ला त्या कॉलेजात पहिल्या आल्या होत्या. परदेशी शिक्षणासाठी एक स्कॉलरशिप निघाली, तिची नोटीस लागली ती जिमखान्याच्या बोळातल्या बोर्डावर. तिथे मुलं टेबल टेनिस खेळायची, मुली त्या बोळात पाऊल टाकत नसत. कुणी बंदी केली नव्हती, पण नसत. महिन्याभराने शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या, त्यांच्या मुलाला मिळाली म्हणून. त्याचे मार्क कुमुदताईंपेक्षा कमी. "पेढा खाल्ला मी," कुमुदताई म्हणाल्या. "चांगला होता, गोड लागला. त्याचाच राग येतो अजून."

म्हणून त्यांचा तो नियम. कुणाच्याही घरून पेढे आले की डबा उघडायच्या आधी विचारायच्या: फॉर्म कुठे मिळाला? शेवटची तारीख कधी होती? रेफरन्स कुणाचा लागतो? सगळं कार्डावर उतरवून झालं की मग पेढा तोंडात. "आधी फॉर्म, मग पेढा," हे त्यांचं वाक्य ईलिंगपासून हॅरोपर्यंत सगळ्या मराठी घरांत माहीत होतं, आणि लोकांना त्याचा भयंकर राग यायचा. कारण आपली रीत तुम्हांला ठाऊक आहे. पोरगं अर्ज भरतंय हे सांगायचं नाही, दृष्ट लागते. इंटरव्ह्यूला गेलं तर "जरा बाहेर गेलाय" म्हणायचं. निकाल लागला की मात्र मोठा डबा घेऊन घरोघर. म्हणजे दुसऱ्याला कळायचं ते पेढ्यावरूनच, आणि पेढा येतो तेव्हा तारीख उलटून गेलेली असते! बैल गेला आणि झोपा केला. वर परत, "अगं, तुमच्या मुलानेही भरायला हवा होता हं." कधी? पेढा चावताचावता? इथे चाळीस चाळीस वर्षं राहून, हॉस्पिटलात अमुक तमुक कन्सल्टंट होऊनसुद्धा आम्ही हे सोडलं नाही. दृष्ट वगैरे सगळी सोंगं आहेत हो. जागा एक असते आणि ती आपल्याच पोराला हवी असते, इतकंच ते आहे. मला ठाऊक आहे, कारण मी तेच केलं.

माझी मुलगी मिथिला आणि पल्लवी एकाच वर्षातल्या. पल्लवीचे वडील हॅनवेलला एका रेस्टॉरंटात शेफ, आई सँडविचच्या फॅक्टरीत. ती इथे आली तेरा वर्षांची असताना. शनिवारी हॉलवर कुमुदताईंच्या टेबलापाशी यायची. बस दोनदा बदलावी लागते म्हणून मी मिथिलाबरोबर तिलाही गाडीत घ्यायची. अबोल पोर. गाडीत बसली की "थँक यू मावशी", उतरली की "थँक यू मावशी". मिथिला शाळेत स्टुडंट कौन्सिलवर, डिबेटिंगमध्ये, सगळीकडे पुढे. फॉर्मवर जबाबदारीच्या पदांचा एक रकाना असतो, तो पल्लवीने कोरा सोडला होता. कुमुदताईंनी तिला विचारलं, "इथे काही नाही?"

"नाही आजी. मी कसलीच लीडर नाहीये."

"शाळा सुटल्यावर काय करतेस?"

"घरी जाते. आईला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर नेते, तिला इंग्लिश येत नाही ना. मग बाबांची लेटर्स... कौन्सिलची, गॅसची. क्रॉयडनला व्हिसाचे फॉर्म पाठवले ते मीच भरले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचेपण मीच भरते."

"कुणी सांगितलं तुला करायला?"

"कुणी नाही. करायलाच लागतं."

कुमुदताईंनी चष्मा काढला. "अख्खं घर चालवतेस, वर शेजाऱ्याचं. आणि म्हणे लीडर नाही! लिही. आत्ता, इथे बसून लिही." पोरीने लिहिलं आणि लिहिताना मधेच थांबून हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि सांगते, मला ते आवडलं नाही. मिथिलाचा रकाना गच्च भरलेला होता, पण त्यातलं एकही तसं नव्हतं... हे मला कळलं.

मग तिच्या शाळेचं प्रकरण झालं. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या, ट्यूटरने पल्लवीचे प्रेडिक्टेड ग्रेड्स, परीक्षेत काय मिळेल म्हणून शाळा युनिव्हर्सिटीला कळवते ते, इतके खाली दिले की इंजिनिअरिंगला कुणी दारात उभं केलं नसतं. इंग्लिशला ॲक्सेंट आहे, म्हणजे गणितही कच्चं असणार, असलं काहीतरी त्याचं शास्त्र! कुमुदताई तिच्या आईला घेऊन शाळेत गेल्या. गाडी मी चालवत होते म्हणून मीही आत बसले. तो ट्यूटर आपला हसून, गोड बोलून, "वी हॅव टु बी रिअलिस्टिक" म्हणत राहिला. कुमुदताईंचं इंग्लिश संथ, लायब्ररीत बोलतात तसं हळू आवाजाचं. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही तिला दोन वर्षांपूर्वी काय मिळालं ते लिहिलंय. ती तेव्हा या देशात नवीन होती. मी तुम्हांला तिला पुढे काय मिळेल ते विचारतेय. आणि पिशवीतून पल्लवीने त्या वर्षी सोडवलेले सगळे पेपर काढून त्याच्यापुढे ठेवले, वाचून होईपर्यंत उठल्या नाहीत. पस्तीस मिनिटं. ग्रेड्स बदलले. बाहेर आल्यावर पल्लवीच्या आईने त्यांचे पाय धरले तर भडकल्या, "अहो, पाय कशाला धरता? तिचे होते तेवढेच दिलेत त्याने!"

उत्तरेकडच्या एका फार चांगल्या युनिव्हर्सिटीने पल्लवीला ऑफर दिली. पण एक अडचण होती. घरच्यांचे इथे कायम राहण्याचे कागद अजून यायचे होते. ते वेळेत आले नाहीत तर तिला परदेशी विद्यार्थ्याची फी लागणार, आणि ती त्या घराला सात जन्मांत झेपली नसती. तेव्हा कुमुदताईंनी मार्चच्या बॉक्समधून एक कार्ड काढलं. आमच्याच भागातल्या एका जुन्या ट्रस्टची स्कॉलरशिप. सायन्स-इंजिनिअरिंगला जाणाऱ्या एका विद्यार्थ्याची सगळी फी, वर्षाला एकच. तीन वर्षं इथे राहिलेला असला की झालं, कागदांचा प्रश्नच नाही. "ही पल्लवीला मिळालीच पाहिजे," त्या मला म्हणाल्या, आणि मग, कारण त्या कुमुदताई होत्या, "पण मिथिलालाही भरू दे. लपवायचं नाही कुणापासून. ज्याचा अर्ज चांगला त्याला मिळेल." फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, बसने जायचं नाही. मी डबा घेऊन गेले तर त्यांनी चाचपडत माझ्या हातात दोन लिफाफे दिले. एकावर मिथिलाचं नाव, एकावर पल्लवीचं. "शनिवारी दे हो तिला. पंधरा मार्चच्या आत जायला हवा."

मी तो लिफाफा चोरला नाही. वर्षानुवर्षं स्वतःला मी हेच सांगत आले, की चोरला नाही, द्यायचा राहिला. पहिल्या शनिवारी वाटलं, मिथिलाचा आधी पूर्ण होऊ दे, मग देऊ, तिला पुरेसा वेळ आहे. दुसऱ्या शनिवारी वाटलं, एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीची ऑफर तर मिळालीय तिला, सगळंच तिला का? तिसऱ्या शनिवारी काहीच वाटलं नाही, आणि ते सगळ्यांत वाईट. कुमुदताई अजून घरीच होत्या, पण पोरी शनिवारी अभ्यासाला हॉलवर जातच होत्या. लिफाफा गाडीच्या पुढच्या कप्प्यात होता. मिथिला मागे पसरून बसायची, पल्लवी पुढे माझ्या शेजारी, पाय जुळवून, गुडघे त्या कप्प्याला टेकलेले. "थँक यू मावशी." मी म्हणायची, "अगं, त्यात काय!" पंधरा मार्च गेला. मग मी तो लिफाफा घरी आणून किचनच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला, टेकअवेच्या मेन्यूंच्या आणि कचऱ्याच्या गाडीच्या वेळापत्रकाच्या खाली. फाडवला मात्र नाही. त्यांच्या हातचं अक्षर होतं वर, पट्टी बांधलेल्या डोळ्याने लिहिलेलं, जरा तिरकं.

मे महिन्यात मिथिलाला स्कॉलरशिप मिळाली. मी पेढे घेऊन कुमुदताईंकडे गेले. जाणं टाळता आलं असतं, पण आपल्याकडे पेढे न नेणं म्हणजे कबुलीच. चोराच्या मनात चांदणं! त्यांनी डबा टेबलावर ठेवला, पेन घेतलं, कार्ड पुढे ओढलं. "फॉर्म कुठे मिळाला?"

"ताई, तुम्हीच तर दिलात."

"किती दिले होते?"

"...दोन."

"दुसरा?"

"मी दिला हो तिला. त्यांनीच भरला नसेल. त्या लोकांना कुठे एवढी..."

वाक्य पूर्ण झालं नाही माझं. त्या लोकांना! असं मी म्हटलं, ज्या घरात जाऊन मी चार वेळा चहा प्यायले होते त्या घराबद्दल. कुमुदताईंना आधीच माहीत होतं, हे मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. डोळा बरा झाल्यावर त्यांनी पल्लवीला विचारलं होतं, "फॉर्म पाठवलास ना?" आणि ती म्हणाली होती, "कुठला फॉर्म, आजी?"  त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलट ओरडले असते, भांडण झालं असतं, मिटलंही असतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, रबरबँड परत चढवला आणि डबा माझ्या हातात दिला. "मिथिलाला आशीर्वाद सांग. पोरीचा काही दोष नाही." त्यानंतरची पाच वर्षं त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलल्या, हसल्या, माझ्या हातची भाजी आवडीने खाल्ली. फक्त माझ्या हातात लिफाफा दिला नाही. माझ्याच का, कुणाच्याच दिला नाही. डोळा बरा झाला तेव्हापासून बसने फिरायला लागल्या, एकेका मुलाच्या दारात. केवढी ही तळमळ!

ऑगस्टमध्ये पल्लवीचा निकाल उत्तम लागला. कागद आले ते पुढच्या जानेवारीत. उत्तरेकडची ती जागा गेली. एक वर्ष तिने हाय स्ट्रीटवर एका दुकानात टिलवर, म्हणजे गल्ल्यावर, काम केलं आणि मग घराजवळच्या युनिव्हर्सिटीत गेली, घरी राहून, संध्याकाळच्या शिफ्ट करून. आता इंजिनिअर आहे, रेल्वेच्या पुलांचं काम बघते. "शेवटी झालंच ना सगळं चांगलं!" असं लोक म्हणतात, मीही म्हणायची. एकच तर वर्ष! ज्याचं जातं त्याला विचारा. तिला घराबाहेर, स्वतःच्या खोलीत, कुणाचे फॉर्म न भरता राहायचं होतं तीन वर्षं. ती तीन वर्षं तिची होती, तिने मिळवलेली होती, आणि ती माझ्या किचनच्या ड्रॉवरमध्ये पडून होती.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात कुमुदताईंचा फ्लॅट रिकामा करायला पल्लवी आणि मी गेलो. त्यांनी ते बॉक्स पल्लवीला द्यायचे म्हणून चिठ्ठी लिहून ठेवली होती. फरशीवर बसून ती एकेक बॉक्स उघडत होती आणि मार्चच्या बॉक्सशी थांबली. त्या ट्रस्टचं कार्ड. खाली वर्षावार नावं, कुणाला कळवलं, काय झालं. मिथिलाच्या नावापुढे "मिळाली". त्याखाली पल्लवीचं नाव आणि पुढे, "फॉर्म पोचला नाही. ट्रस्टला पत्र लिहिलं, उशीर झाला म्हणतात. चूक माझी. स्वतः जायला हवं होतं."

"मावशी, हा कुठला फॉर्म?" पल्लवीने विचारलं. "आजींनी मला विचारलं होतं एकदा... मी विसरूनच गेले होते. त्यांची कसली चूक?"

आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, मेलेल्या माणसाच्या घरात बसून म्हणाले, "काय माहीत गं. जुनं काहीतरी असेल."

त्यानंतर मला अन्न गोड लागेना. चूक माझी, असं त्या बाईने लिहून ठेवलं होतं! माझं पाप स्वतःच्या नावावर, कार्डावर, स्वच्छ अक्षरात. मिथिलाला फोन करून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या त्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, "म्हणजे माझा स्कॉलरशिप... ती रेस झालाच नाही. आई, तू मला विचारला पण नाही." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच..." तर म्हणाली, "डोन्ट. प्लीज माझ्यासाठी म्हणू नको." आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी ड्रॉवरमधून लिफाफा काढला आणि पल्लवीच्या दारात गेले. बसने गेले, का ते सांगता येणार नाही. तिने दार उघडलं, मी लिफाफा हातात दिला आणि दारातच उभं राहून सांगितलं, गाडीतल्या कप्प्यापासून सगळं. ती त्या तिरक्या अक्षराकडे बघत राहिली.

"कप्प्यात होता? मी पुढे बसायचे तेव्हा?"

"हो."

"दर शनिवारी?"

"तीन शनिवार."

"आणि मी तुम्हांला थँक यू म्हणायचे," ती म्हणाली. मी माफी मागितली. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. "सांगितलंत ते बरं केलंत, मावशी," म्हणाली, आणि दार लावलं, अगदी हळू, आवाज होऊ न देता. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी अजून वाट बघतेय. हा लेख छापायला द्यायच्या आधी तिला दाखवला. "छापा," एवढंच म्हणाली. तेव्हा आता डॉक्टरांनी, अध्यक्षांनी आणि माझ्यासारख्या सगळ्या सोज्वळ आयांनी तो वाचावा आणि आपापले ड्रॉवर उघडून बघावेत.

हॉलमध्ये तो बोर्ड आता परत भिंतीवर आहे. पल्लवीने स्वतः ड्रिल आणून लावला, परवानगी न विचारता, आणि कुणाची काढायची हिंमत झाली नाही. खालच्या टेबलावर मिठाईचे बारा बॉक्स. गेल्या शनिवारी मी खुर्च्या लावायला गेले होते. ती एक फॉर्म लिफाफ्यात घालत होती, हाउन्स्लोच्या कुठल्याशा मुलीसाठी, शुक्रवारच्या आत जायला हवा म्हणून. मी म्हटलं, "मी त्याच बाजूला चाललेय, गाडी आहे. देऊ का जाताना?"

तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "नको मावशी, मी स्वतः देते," म्हणाली. लिफाफा पिशवीत ठेवला, कोट चढवला आणि निघाली. मी दारात येऊन पाहिलं तर रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर उभी होती, पिशवी छातीशी धरून, कुमुदताई उभ्या राहायच्या तशीच. माझी गाडी हॉलसमोरच उभी होती.